नावावर होत नाही

परिवहन कार्यालयाची बाजू घेणारा माणूस मला पुण्यात अजून भेटलेला नाही, तेव्हा ते काम मलाच करावं लागणार. जुनी स्कूटर विकायची तर तिथे फॉर्म 29 आणि फॉर्म 30 असे दोन फॉर्म असतात. दोन्हींवर सह्या लागतात. विम्याचा कागद, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, चासीच्या नंबरावर कागद धरून पेन्सिलीने उठवलेला ठसा आणि या सगळ्याच्या झेरॉक्स लागतात. खिडकीवरचे साहेब जागेवर नसतात. ते असले तर सर्व्हर नसतो. पण शेवटी स्कूटर दुसऱ्याच्या नावावर होते. स्कूटर बनवणारी कंपनी मध्येच फोन करून असं सांगत नाही, की आम्ही तुम्हाला स्कूटर दिलीच नव्हती, तिच्यावर बसायची परवानगी तेवढी दिली होती, आणि तीही तुमच्याच बुडापुरती.

हे सांगायचं कारण, कामाची खोली आवरताना मी दोन वस्तू एकदमच विकायला काढल्या. एक स्कूटर, आणि दुसरं पुस्तकाची पानं लावायचं एक सॉफ्टवेअर. दोन्हींची बिलं एकाच फायलीत होती आणि सॉफ्टवेअरचं बिल स्कूटरपेक्षा मोठं होतं. घेणारेही एकाच घरातले निघाले. दूरच्या नात्यातला एक मुलगा स्कूटर बघायला आला, तो बहिणीला बरोबर घेऊन. तिने नुकतंच डीटीपीचं काम सुरू केलं होतं. भावाला स्कूटर मिळाली. बहिणीला कंपनीच्या कस्टमर केअरचा नंबर मिळाला.

कंपनीचं नाव सांगत नाही. नाव आणि बोधचिन्ह कुठे वापरावं याबद्दलही करारात एक कलम आहे.

फोनवरची मुलगी अतिशय नम्र होती. माझ्या नावापुढे दर वेळी ‘सर’ लावत होती आणि माझा वेळ मोलाचा असल्याचं तिच्याआधी रेकॉर्डनेही मला बराच वेळ सांगितलं होतं.

“सर, तुम्ही ओनर नाही, लायसेन्सी आहात.”

“पण बिल माझ्या नावाचं आहे.”

“बिल पेमेंटचं आहे सर.”

“पेमेंट कशाचं?”

“यूज करण्याचं.”

“मग मी यूज करायचं थांबवतो आणि ही मुलगी सुरू करते.”

“सर, ते ट्रान्सफर झालं.”

“त्यासाठीच फोन केलाय.”

“ट्रान्सफर अलाउड नाही सर. आणखी काही मदत करू शकते का?”

ती खोटं बोलत नव्हती. करारात तसं आहे. मी तो काढून वाचला, आणि असा वाचणारा बहुधा मी पहिलाच असेन, कारण मजकुरात दोन ठिकाणी छपाईची चूक आहे आणि ती कोणी दुरुस्त केलेली नाही. करार इंग्रजीत आहे, मग फ्रेंचमध्ये आहे, मग जर्मनमध्ये आहे. वाद झाल्यास तो अमेरिकेतल्या कुठल्याशा परगण्यातल्या न्यायालयात चालेल असं त्यात म्हटलंय. दुकानाच्या बिलावर मात्र ‘पुणे न्यायकक्षेच्या अधीन’ असा शिक्का आहे. मजकुराचे काही परिच्छेद पूर्णपणे मोठ्या इंग्रजी अक्षरांत आहेत, कोणीतरी अंगावर ओरडावं तसे. मला वाटलं, महत्त्वाचं तेच मोठ्याने सांगत असतील. तसंच आहे. सॉफ्टवेअर चाललं नाही, त्यातून तुमचं नुकसान झालं, तुमचा धंदा बुडाला, तर कंपनी जबाबदार नाही, हे मोठ्या अक्षरांत आहे. यामागे उदारपणा नाही, कायदा आहे. अमेरिकेत मालाची हमी नाकारायची असेल तर ती ठळकपणे नाकारावी लागते, इतकीच तिथल्या व्यापारी कायद्याची अट. ‘हे तुम्हाला दुसऱ्याला देता येणार नाही’ हे ठळक सांगण्याची अट नसल्यामुळे ते बारक्या अक्षरांत, मधल्या एका कलमात, ‘भाड्याने देणे’ आणि ‘उलटी अभियांत्रिकी करणे’ यांच्या मध्ये बसवलेलं आहे. मला उलटी काय, सुलटी अभियांत्रिकीही येत नाही.

खोकं मी जपून ठेवलं होतं. चांगलं, जाड पुठ्ठ्याचं. त्याच्यावर पाठपोट मजकूर आहे. संगणकाला किती मेमरी लागेल, डिस्कवर किती जागा लागेल, पडदा किमान किती रुंद हवा, सगळं दिलंय. छापील किंमत आहे, सर्व करांसह. आयात करणाऱ्याचा पत्ता आहे, तक्रारीसाठी फोन आहे. नकली माल ओळखण्यासाठी एक चकचकीत होलोग्राम आहे. संगणक हसून बघणाऱ्या एका गोऱ्या बाईंचा फोटो आहे, त्यालाच दोन-तीन इंच दिलेत. या सगळ्या गर्दीत एवढं एक वाक्य मावलं नाही, की ही वस्तू तुम्ही मेल्यावर काय, जिवंतपणीही कोणाला देऊ शकणार नाही. मुंबईच्या लोकलचा पास बघा. खिडकीतून हातात पडतो तेव्हाच त्याच्यावर लिहिलेलं असतं, अहस्तांतरणीय. रेल्वेने याबद्दल कधी फुशारकी मारल्याचं ऐकिवात नाही.

खोक्यावर एक ओळ होती, हे मान्य करतो. तळाच्या पट्टीवर, बारकोडच्या खाली: वापर आतल्या कराराच्या अधीन. आता हा करार आत, खोक्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर सील. म्हणजे आधी पैसे द्यायचे, मग सील फोडायचं, मग आपण काय कबूल केलं ते वाचायचं. मान्य नसेल तर? त्याचीही सोय केली आहे: न वापरता, जिथून घेतलं तिथे परत करा. जिथून घेतलं तिथे गल्ल्याच्या वर पाटी आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ या प्रकरणात सामील असलेल्यांपैकी माल विकला गेला असं मानणारा दुकानदार हा एकटाच. त्याला मी बोल लावत नाही.

या उलट्या क्रमाला न्यायालयाची मान्यता आहे, हे मला नंतर कळलं. 1996 साली अमेरिकेत प्रोसीडी या कंपनीचा खटला झाला. कंपनीने देशभरातले टेलिफोन नंबर सीडीवर घालून विकले. मॅथ्यू झायडेनबर्ग नावाच्या विद्यार्थ्याने दुकानातून ती सीडी घेतली आणि त्यातले नंबर इंटरनेटवर स्वस्तात विकायला ठेवले. खालच्या न्यायालयाने म्हटलं, खोक्याच्या आतली अट घेताना दिसत नव्हती, तेव्हा ती बांधत नाही. वरच्या न्यायालयाने म्हटलं, बांधते. आधी पैसे, मग अटी, असं जगात चालतंच. विम्याचं बघा, विमानाच्या तिकिटाचं बघा. विमा आणि विमान कंपन्या ही प्रामाणिक व्यवहाराची उदाहरणं म्हणून पुढे केलेली मी तरी प्रथमच पाहिली.

त्याआधीची एक गोष्ट तर बघण्यासारखी आहे. ‘द कास्टअवे’ नावाची एक कादंबरी होती. तिच्या प्रकाशकाने, बॉब्स-मेरिल कंपनीने, पुस्तकातच छापलं, की किंमत एक डॉलर, यापेक्षा कमी किमतीला विकण्याचा परवाना कोणाही दुकानदाराला नाही, विकल्यास हक्कभंग समजला जाईल. म्हणजे स्वच्छ, छापील, प्रत्येक प्रतीत. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती 89 सेंटला विकली. 1908 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: तुम्ही पुस्तक विकलं, विषय संपला, पुढच्या विक्रीवर तुमचा हक्क नाही. जुन्या पुस्तकांची सगळी दुकानं आज याच न्यायाने उभी आहेत. न्यायालयांनी आपापल्या निकालांना वेगवेगळी कारणं दिली आहेत आणि ती वकिलांनी वाचावीत. मला एवढंच दिसतं, की ज्याने अट पुस्तकात उघड छापली तो हरला आणि ज्याने ती सीलबंद खोक्यात ठेवली तो जिंकला. कुठल्याही होतकरू व्यापाऱ्याने यातून घ्यायचा तो धडा घेतला असणार.

टिमथी व्हर्नर यांची हकिकत वाचल्यावर मला जरा बरं वाटलं. आपल्याहून जास्त छळ झालेला माणूस सापडला की वाटतं तसं. हे गृहस्थ सिअ‍ॅटल भागातले. जुन्या वस्तू घ्यायच्या आणि ईबेवर विकायच्या, हा त्यांचा व्यवसाय. एका वास्तुविशारद कंपनीने ऑफिसातलं जुनं सामान काढलं, त्यात ऑटोकॅडच्या चौदाव्या आवृत्तीच्या अस्सल प्रती होत्या. नकला नव्हेत, खोक्यातल्या, सीडीसकट. त्यांनी त्या घेतल्या आणि विकायला लावल्या. ऑटोडेस्क कंपनीने ईबेला पत्र पाठवलं, लिलाव थांबला. व्हर्नर यांनी हरकत घेतली, लिलाव सुरू झाला. पुन्हा प्रत विकायला लावली, पुन्हा पत्र. असं होत होत ईबेने काही काळ त्यांचं खातंच बंद केलं. मग त्यांनी कंपनीलाच कोर्टात खेचलं. त्यांनी कंपनीचा करार कधी मान्य केला नव्हता, सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर कधी घातलं नव्हतं. खालच्या न्यायालयात ते जिंकले.

2010 च्या सप्टेंबरात वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला, आणि वस्तू विकली की नुसता परवाना दिला हे ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या. एक, कंपनी तिला परवाना म्हणते का? दोन, कंपनीने ती दुसऱ्याला देण्यावर मोठं बंधन घातलंय का? तीन, वापरावरही लक्षणीय बंधनं आहेत का? मी हे पुन्हा वाचलं. म्हणजे मला ते दुसऱ्याला का देता येत नाही? कारण मी मालक नाही. मी मालक का नाही? कारण मला ते दुसऱ्याला देता येत नाही. शिवाय कंपनी तसं म्हणते. फोनवरच्या मुलीने हेच तर सांगितलं होतं, आणि तिला त्यासाठी निकालपत्र लिहावं लागलं नव्हतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी हे प्रकरण ऐकायला नकार दिला. त्या वास्तुविशारदांनी नवी आवृत्ती सवलतीत घेताना जुन्या प्रती नष्ट करण्याचं कबूल केलं होतं, हे कंपनीच्या बाजूने सांगायला हवं. सांगितलं.

युरोपात नेमकं उलट झालं. 2012 च्या जुलैत युरोपीय न्यायालयाने ओरॅकलच्या खटल्यात ठरवलं, की कायमचा वापर आणि त्याबद्दल एकरकमी पैसे असा व्यवहार असेल तर ती विक्रीच. इंटरनेटवरून उतरवून घेतलेलं सॉफ्टवेअरही मग पुढे विकता येईल, फक्त विकणाऱ्याने आपली प्रत निकामी करावी. म्हणजे मी जर्मनीत खोली आवरली असती तर हा लेख झाला नसता. पण 2019 मध्ये त्याच न्यायालयाने ई-पुस्तकांना ही सवलत नाकारली, त्यामुळे दुसरा एखादा लेख झाला असता.

आपल्या देशात या विषयाला सगळ्यात जास्त डोकं कोणी लावलं असेल तर करवाल्यांनी. आंध्र प्रदेश सरकारला तयार सॉफ्टवेअरवर विक्रीकर हवा होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचं म्हणणं, ही बौद्धिक संपदा आहे, अमूर्त आहे, हिला माल कसं म्हणता? 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, एकदा ते सीडीवर वगैरे घालून बाजारात आणलं की तो माल, कर भरा. पुढे आयकर खात्याने दुसरी बाजू लावून धरली: परदेशी सॉफ्टवेअरचे जे पैसे बाहेर जातात ते मालाचे नव्हेत, हक्क वापरण्याची रॉयल्टी आहे, तेव्हा त्यातून कर कापा. आयात करणारे, वितरक, परदेशी विक्रेते, सगळे एका सुरात म्हणाले, छे छे, हक्क कुठला, आम्ही नुसती प्रत विकली. 2021 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. आपल्या कॉपीराइट कायद्यातूनही 1999 च्या दुरुस्तीने काही शब्द गळले. प्रत आधी विकली गेली असली तरी पुन्हा विकायचा हक्क मूळ धन्याकडेच, असं सांगणारे ते शब्द होते.

म्हणजे विक्रीकर खात्याच्या पुस्तकात मी माल घेतला. माझ्या बिलावर ‘1 नग’ असं आहे आणि त्या नगावर मी व्हॅट भरलाय. आयकर खात्यासमोर धंदेवाल्यांनी शपथेवर सांगितलं, की आम्ही माल विकला. तो नग मी उचलून दुसऱ्याच्या हातात द्यायला गेलो, की मधल्या मध्ये माल नाहीसा होतो आणि परवाना उरतो. मी फोनवर हे सगळं त्या मुलीला समजावून सांगितलं, 2004 आणि 2021 दोन्ही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि संभाषण संपल्यावर तिच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल असा संदेश आला. पाच दिले. तिचं काय चुकलं?

कंपन्यांना अटी बदलता येत नाहीत असंही नाही. 2013 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचं ऑफिस 2013 आलं, तेव्हा ते ज्या संगणकावर प्रथम घातलं त्याच संगणकाला कायमचं बांधलेलं होतं. संगणक जळाला तर त्याच्याबरोबर तेही त्याच सरणावर. गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला आणि मार्चमध्ये कंपनीने दुसऱ्या संगणकावर हलवायची मुभा दिली. आरडाओरडा करणारे अर्थात खूप होते. मी एकटा आहे, आणि फारच हळू बोलतो असं घरचे म्हणतात.

करार कोणीच वाचत नाही, मग ठळक लिहून तरी काय फरक पडणार, असं मला एका संगणकवाल्या मित्राने विचारलं. त्याने उदाहरण दिलं गेमस्टेशन या ब्रिटिश दुकानाचं. 2010 च्या एक एप्रिलला त्यांनी आपल्या ऑनलाइन अटींत एक कलम घातलं, की ऑर्डर देणाऱ्याने आपला अमर आत्मा दुकानाला दिला. नको असेल तर एक खूण करायची होती, आणि ती करणाऱ्याला पाच पौंडांचं कूपन होतं. सुमारे 7,500 गिऱ्हाइकांनी आत्मा दिला. मित्राला यातून गिऱ्हाइकांचा आळस दाखवायचा होता. मी ते कलम शोधून वाचलं. त्यात आत्म्यावर दावा करण्याचा दुकानाचा हक्क अहस्तांतरणीय असल्याचं लिहिलंय! म्हणजे दुकान बुडालं असतं तरी ते आत्मे दुसऱ्या दुकानाकडे गेले नसते. थट्टेत लिहिलेल्या करारातही वकिलाचा हात त्या शब्दाशिवाय पुढे सरकला नाही. पुढे त्यांनी सगळे आत्मे परत केले. म्हणजे दावा सोडल्याचं कळवलं.

कॅलिफोर्नियाने आता एक कायदा केलाय, 1 जानेवारी 2025 पासून लागू. डिजिटल वस्तू विकताना ‘विकत घ्या’ असं बटण ठेवायचं असेल, तर हा नुसता परवाना आहे हे गिऱ्हाइकाला तिथेच, स्वच्छ आणि ठळक सांगायचं. अटी बदला असं हा कायदा म्हणत नाही. दुसऱ्याला द्यायचा हक्क द्या असंही म्हणत नाही. फक्त सांगा म्हणतो. आणि एवढ्यानेही काय गंमत झाली बघा: स्टीम या खेळ विकणाऱ्या दुकानाने कायदा लागू होण्याआधीच, 2024 च्या ऑक्टोबरात, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. एकच ओळ. इतकी वर्षं तिला जागा मिळत नव्हती म्हणतात.

माझ्या खोक्यावर आता ती छापून येणार नाही, कारण अशी खोकीच बंद झाली. हल्ली सगळं वर्गणीवर असतं. अ‍ॅडोबीने 2013 मध्येच जाहीर केलं, की नव्या मोठ्या आवृत्त्या वर्गणीदारांनाच. दर महिन्याला पैसे, थांबवले की काम बंद. यात निदान फसवणूक नाही. भाड्याच्या घरात राहतोय हे भाडेकरूला माहीत असतं. नात्यातल्या त्या मुलीने शेवटी तेच घेतलं. परवा भेटली तेव्हा म्हणाली, “काका, दर महिन्याला कार्डावरून पैसे जातात, पण तुमच्यासारखी कटकट नाही.”

मार्चअखेरीला सीएकडे गेलो. स्कूटर विकल्याचं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मग सॉफ्टवेअरवर बोट ठेवलं. आयकराच्या नियमात संगणक आणि सॉफ्टवेअर एकाच गटात येतात, घसारा 40 टक्के, उरलेल्या किमतीवर. माझ्या ताळेबंदात ते माझी मालमत्ता म्हणून लावलेलं आहे, आणि आजवर कोणत्याही अधिकाऱ्याने त्याला हरकत घेतलेली नाही.

“हे कितीला गेलं?”

“गेलं नाही. जात नाही.”

“भंगारात?”

“भंगारातही नाही. फार तर नष्ट करता येतं.”

“नष्ट केल्याचा काही पुरावा?”

“नाही केलं अजून.”

“मग राहू द्या पुस्तकात,” ते म्हणाले. “दरवर्षी चाळीस टक्के कमी होईल.”

“शून्य कधी होईल?”

“उरलेल्याचे चाळीस टक्के हो,” ते म्हणाले. “शून्य होत नाही ते.”